छतावरचे हंस

परभणीकडच्या घरात हंस आणि कमळ आधी भेटतात ते दारापुढच्या रांगोळीत, मग लग्नातल्या पैठणीच्या पदरावर. अजिंठ्याच्या छतावर ते दिसतात सगळ्यांत शेवटी. काळाचा क्रम मात्र उलटा आहे, छत पाचव्या शतकातलं. त्यामुळे मान वर करणारा माणूस अर्थ घरूनच बांधून आणतो: हंस म्हणजे नीरक्षीरविवेक, कमळ म्हणजे चिखलातलं निर्मळपण. हे अर्थ खोटे नाहीत, पण चित्र त्यांच्यापाशी संपत नाही. 2 क्रमांकाच्या लेण्यातले छतावरचे हंस पाहावेत. कुणाची मान वळलेली, कुणाचे पंख उघडलेले. विवेकच सांगायचा होता, तर एकाच ठशावर काम भागलं असतं.

इथे कुणी हंसजातकाकडे बोट दाखवील. पारध्याच्या फासात अडकलेला हंसराजा आणि त्याला सोडून न जाणारा सुमुख ही कथा 2 आणि 17 क्रमांकाच्या लेण्यांत आहेच. पण ती भिंतीवर आहे. छतावर ना फास, ना राजा. भिंतीची गोष्ट तिथे चढवणं ही आपली हौस. दुसरा आक्षेप जास्त जड आहे: हे छत म्हणजे कापडी चांदव्याची नक्कल, नुसती वेलबुट्टी, तिथे अर्थ कसला? चांदवा मान्य. पण जागाच भरायची असती, तर कमळ कधी कळी, कधी अर्धं उमललेलं, कधी बाजूनं असं कशाला काढलं असतं? रेषेनं घेतलेली ही दखल हाच इथला अर्थ, असं मला वाटतं.

पैठणी याला उलट्या बाजूनं दुजोरा देते. उभ्या-आडव्या धाग्यांत गोलाई पायऱ्यापायऱ्यांनी येते, म्हणून पदरावरचा पक्षी कोनदार होतो; मांगल्य तेच, पक्षी वेगळा. (तिथल्या ‘मुनिया’ पोपट असतात, हे पक्षिनिरीक्षकांनी मनाला लावून घेऊ नये.) आणि आजच्या रांगोळीतला हंस तर पांढराशुभ्र, इंग्रजी दोनच्या आकड्यासारख्या मानेचा, विलायती स्वान. अजिंठ्यातला भरल्या अंगाचा, कलहंस-कादंबांच्या कुळातला. त्याचे भाऊबंद, पट्टकादंब, हिवाळ्यात हिमालय ओलांडून जायकवाडीवर उतरतात; तिथलंच पाणी डाव्या कालव्यानं परभणीच्या शिवारात येतं.