सावनेरहून विजयदुर्ग: एका बोटीपायी

सावनेर म्हटलं की बाहेरच्या लोकांना संत्री आठवतात, नाहीतर राम गणेश गडकरी. २३ जानेवारी १९१९ ला त्यांनी इथेच शेवटचा श्वास घेतला. पाणी म्हणाल तर आमची कोलार नदी, तीही उन्हाळ्यात अंग चोरून वाहणारी. अशा गावातला माणूस २०२५ च्या एप्रिलमध्ये युद्धनौका बघायला राज्याच्या दुसऱ्या टोकाला निघाला, तेव्हा बायको म्हणालीच, "लोकं कोकणात समुद्र पाहाले जातात. तुम्ही भंगार पाहाले चालले का?"

भंगार नव्हतं ते. 'गुलदार' होती.

नागपूरहून मडगावची गाडी दुपारी सुटते. अकोला, भुसावळपर्यंत उकाडा, डब्यात घामाचा आणि ठेच्याचा वास. रात्री कधीतरी घाट उतरतो आणि सकाळी खिडकीत बघावं तर माती लाल झालेली. कणकवलीला उतरून तळेऱ्याला आलो, तिथून पडेल कॅन्टीनमार्गे विजयदुर्ग. वाटेत हापूसच्या पेट्या भरणारी माणसं. रिक्षावाल्याने विचारलं, "खंयसून इलात?" सावनेर सांगितलं. "ता खंय इला?" नागपूरजवळ म्हटल्यावर त्याने आरशातून मला नीट न्याहाळलं.

किल्ल्याच्या खाडीकडच्या तटावर उभं राहिलं की बंदर दिसतं. तिथे ती उभी होती. राखाडी रंग, पाण्याच्या रेषेजवळ तांबूस गंज, लांबी साधारण ८४ मीटर. ३० डिसेंबर १९८५ ला पोलंडमधल्या ग्डिनियात ती भारतीय नौदलात दाखल झाली आणि १२ जानेवारी २०२४ ला पोर्ट ब्लेअरमध्ये 'चीता' आणि 'कुंभीर' यांच्याबरोबर निवृत्त झाली. श्रीलंकेतल्या शांतिसेनेची मोहीम, २००४ च्या त्सुनामीतलं मदतकार्य, सगळं या तिघींनी पाहिलं. तिघींनी मिळून १३०० हून जास्त वेळा किनाऱ्याला टेकून सैन्य उतरवलं.

इतर जहाजांचा कप्तान वाळूला घाबरतो. हिला मात्र मुद्दाम वाळूवर चढवायचं असतं. म्हणून पोट परातीसारखं सपाट आणि नाकाकडचा भाग पाण्यात जेमतेम बुडालेला. किनारा जवळ आला की मागचा नांगर आधीच टाकून ठेवायचा, पुढे जाऊन नाक वाळूत रुतवायचं, दरवाजे उघडून उतरण खाली सोडायची. रणगाडे आणि जवान उतरले की मागच्या नांगराचा दोर गुंडाळत स्वतःला परत खेचून घ्यायचं. १९४४ साली नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्तांचं सैन्य असल्याच बोटींतून उतरलं. आपली पहिली 'मगर' हीसुद्धा दुसऱ्या महायुद्धासाठी बांधलेली ब्रिटिश बोट. १९४९ मध्ये ती आपल्याकडे आली.

पण मला इथवर ओढून आणलं ते वेगळ्याच 'गुलदार'ने. हे नाव वारशाने आलेलं आहे. पहिली 'गुलदार' १९६६ मध्ये 'घडियाल'च्या जोडीने आली होती. डिसेंबर १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तान पडणार हे दिसू लागलं, तेव्हा पाकिस्तानी सैन्य ब्रह्मदेशाकडे निसटू नये म्हणून कॉक्स बाजारला फौज उतरवायचं घाईघाईत ठरलं. 'विश्व विजय' या मालवाहू जहाजातून गुरखा जवान कलकत्त्याहून निघाले. समुद्राची त्यांना सवय नव्हती, सरावाला वेळ नव्हता. भर समुद्रात त्यांना 'घडियाल' आणि 'गुलदार'वर चढवलं आणि १४ डिसेंबरला बोटी किनाऱ्याकडे वळल्या.

दगा दिला तो वाळूने. बोट टेकली ती किनाऱ्याअलीकडच्या दांड्यावर. पुढे पुन्हा खोल पाणी. पाठीवर ओझं घेतलेले पहिले जवान उतरले आणि काही जण तिथेच बुडाले. उतरवणं थांबवावं लागलं. बाकीच्यांना पुढे स्थानिक होड्यांतून किनाऱ्यावर नेलं. तिथे शत्रू नव्हताच. दोन दिवसांनी ढाक्यात शरणागती झाली आणि कॉक्स बाजार विजयाच्या गर्दीत मागे पडलं. माझ्या मते ७१ च्या युद्धातलं आपल्या नौदलाचं सगळ्यात शिकण्यासारखं पान हेच आहे, आणि सगळ्यात कमी वाचलेलंही.

ज्या तटावर मी उभा होतो, त्यालाही किनाऱ्यावर उतरणाऱ्या फौजा नव्या नाहीत. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज ॲडमिरल वॉटसनच्या आरमाराने इथेच तुळाजी आंग्र्यांची जहाजं जाळली आणि क्लाइव्हने माणसं उतरवून किल्ला घेतला. इंग्रजांना सोबतीला घेणारे पेशवेच होते. आपलं आरमार आपणच जाळायला दिलं. असो, तो वाद सावनेरच्या पारावरही संपलेला नाही.

'गुलदार'चं पुढे काय? नौदलाने ती महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाला दिली आहे. तिच्यातलं तेल, वायरी, समुद्राला घातक असं सगळं काढायचं आणि निवतीच्या खडकांजवळ तिला बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करायचं, अशी योजना. केंद्राने त्यासाठी ४६ कोटींहून अधिक रुपये मंजूर केले आहेत. लोखंडावर प्रवाळ धरेल, मासे घर करतील, पाणबुडीतून पर्यटक बघतील. कापून भट्टीत घालण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं.

फक्त एक मागणी आहे. तिथे माशांच्या जातींचे फलक लागतील तेव्हा त्यांच्याशेजारी कॉक्स बाजारचाही एक फलक लावा, मराठीत. पहिल्या 'गुलदार'ची गोष्ट आणि १४ डिसेंबर १९७१ ला तिथे बुडालेल्या जवानांची नावं त्यावर असू द्या.