दुसऱ्याच्या खिडकीतला व्हिडिओ

एखादा लेख वाचताना मध्येच एक चौकोन येतो. त्यावर बोट ठेवलं की व्हिडिओ सुरू होतो. लेख आणि व्हिडिओ एकाच जागी आहेत, असं आपण धरून चालतो. हकीकत वेगळी असते. लेख त्या वेबसाइटवर असतो, व्हिडिओ मात्र भलत्याच कुणाच्या तरी सर्व्हरवर. आपल्या पानात फक्त एक खिडकी बसवलेली असते आणि तिच्यातून दुसऱ्याच्या घरातलं दिसत असतं. याला ‘एम्बेड’ करणं म्हणतात. वरवर पाहिलं तर हा संगणकवाल्यांचा मामला आहे. पण आपल्या आठवणी, आपली बोली, गेलेल्या माणसांचे आवाज जर या खिडक्यांमधून दिसत असतील, तर तो आपल्या सगळ्यांचाच मामला होतो.

माझ्या मामूंच्या मुलीने, म्हणजे आमच्या आपाने, २००९च्या सुमारास एक साधी वेबसाइट सुरू केली होती. आमच्या घराण्यातल्या बायकांच्या तोंडची गाणी तिथे गोळा करायची, एवढाच उद्देश. हळदीच्या रात्री ढोलकीवर म्हटली जाणारी, जात्यावरची, रुखसतीच्या वेळची. भाषा घरातली दखनी, पण मराठी शब्दांनी भरलेली. आमच्यापुरतं सांगायचं तर ही गाणी कुठल्या पुस्तकात नव्हती. ती खालांच्या आणि फुफींच्या गळ्यात होती. आपाने चौदा व्हिडिओ जमवले. मागच्या वर्षी तिचा फोन आला, “सब डब्बे काले पड गए. जरा चालू करके दे ना रे.”

मी बसलो. चौदा चौकोन, चौदाही गप्प. पण प्रत्येकाचं दुखणं वेगळं होतं, आणि ते समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

युट्यूबवरचा पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ रोजी चढवला गेला. तो चढवणारा जावेद करीम हा युट्यूबच्या तीन संस्थापकांपैकी एक. वडील मूळचे बांगलादेशचे, आई जर्मन. प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहून तो काही सेकंद बोलतो, एवढाच तो एकोणीस सेकंदांचा व्हिडिओ. युट्यूब झपाट्याने पसरलं, त्यात एका सोयीचा मोठा वाटा होता. व्हिडिओशेजारी दिलेला कोड उचलून कुणीही आपल्या पानावर चिकटवू शकत होतं. मायस्पेससारख्या साइटवर लोकांनी हेच केलं.

त्या काळात ब्राउझरला स्वतःहून व्हिडिओ दाखवता येत नसे. त्यासाठी फ्लॅश नावाचं वेगळं सॉफ्टवेअर लागायचं. २००७ साली आलेल्या आयफोनने फ्लॅशला जागा दिली नाही. एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्सने खुलं पत्र लिहून त्याची कारणं सांगितली: सुरक्षेतल्या त्रुटी, बॅटरीवरचा भार, एकाच कंपनीची मालकी. पुढे व्हिडिओ दाखवण्याची सोय एचटीएमएलमध्येच आली. जानेवारी २०१५ मध्ये युट्यूबने फ्लॅशऐवजी तीच पद्धत मुख्य केली. ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबीने फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि १२ जानेवारी २०२१पासून त्यातला मजकूर चालणंच बंद झालं.

आपाचे पहिले सहा व्हिडिओ या फ्लॅशच्या जमान्यातले. पण ते तिने युट्यूबवर टाकलेले नव्हते. भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर फाइली ठेवल्या होत्या आणि त्या दाखवायला फ्लॅशचा प्लेअर लावला होता. प्लेअर मेला, पण फाइली जशाच्या तशा जागेवर होत्या. एफएफएमपेग नावाचं एक मोफत साधन आहे. त्याने त्या जुन्या फाइली एमपीफोरमध्ये बदलून घेतल्या, पानावर व्हिडिओचा साधा टॅग लावला, आणि पंधरा वर्षांपूर्वीची ढोलकी मोबाइलवर वाजायला लागली. कुणाची परवानगी नाही, कुणाला विनंती नाही.

पुढचे चार व्हिडिओ युट्यूबवर शाबूत होते, तरी पानावर दिसत नव्हते. कारण अगदी साधं होतं. युट्यूबवर व्हिडिओ पाहताना वरच्या पट्टीत जो पत्ता दिसतो, त्यात ‘वॉच’ हा शब्द असतो. कुणीतरी तोच पत्ता उचलून चौकटीत टाकला होता. तो पत्ता दुसऱ्याच्या चौकटीत उघडायला नकार देतो, आणि हा नकार योग्यच आहे. नाहीतर कुणीही लबाड माणूस दुसऱ्याचं आख्खं पान आपल्या पानात अदृश्य करून पसरेल आणि तुमच्या बोटाने भलतंच बटण दाबून घेईल. म्हणून चौकटीसाठी ‘एम्बेड’ शब्द असलेला वेगळा पत्ता असतो. प्रत्येक व्हिडिओची अकरा अक्षरांची ओळख दोन्हीकडे तीच राहते. ती उचलून योग्य पत्त्यात बसवली की काम होतं. ‘शेअर’ आणि मग ‘एम्बेड’ दाबून मिळणारा कोड घेतला, तर एवढाही खटाटोप लागत नाही. फक्त त्यातली ठरलेली ५६० बाय ३१५ ही मापं मोबाइलवर पानाबाहेर जातात. रुंदी शंभर टक्के आणि प्रमाण १६ बाय ९ ठेवावं.

राहिले चार. त्यातल्या एकाच्या मालकाने बाहेर दाखवण्याची परवानगी काढून घेतली होती. तिथे चौकट काढून साधी लिंक दिली. दुसरा व्हिडिओ त्या घरातल्या बायकांच्या सांगण्यावरून खासगी केला गेला होता. लग्नघरात मोकळेपणाने म्हटलेलं गाणं जगाने पाहू नये, असं त्यांना वाटलं. तो त्यांचा हक्क आहे. तो चौकोन मी काढून टाकला, आपानेही हरकत घेतली नाही.

शेवटचे दोन मात्र कायमचे गेले. ज्याने ते चढवले होते तो कुवेतला गेला, खातं बंद झालं, मूळ फाइली जुन्या मोबाइलबरोबर गेल्या. त्यातला एक आमच्या थोरल्या खालांनी म्हटलेल्या रुखसतीच्या गाण्याचा होता. खाला आता हयात नाहीत. मी कोडची कितीही दुरुस्ती केली तरी तो आवाज परत येणार नव्हता. आपाला हे सांगताना जड गेलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “नीचे लिखेला है ना मैंने?” खरंच होतं. चौकोनाखाली तिने गाण्याचे सगळे शब्द, कुणी म्हटलं, कुठल्या गावात, कुणाच्या लग्नात, हे टिपून ठेवलं होतं. आवाज गेला, पण गाणं राहिलं.

याचा अर्थ एम्बेड करूच नये असा नाही. तासाभराच्या व्हिडिओची फाइल शेकडो एमबीची होते, स्वस्त सर्व्हरला ती झेपत नाही. मोठ्या व्हिडिओ सेवा नेटचा वेग पाहून चित्राचा दर्जा कमी-जास्त करतात, गावातल्या मंद नेटवरही व्हिडिओ चालतो. ही सोय नाकारण्यात शहाणपण नाही. पण सोय म्हणजे मालकी नव्हे. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली, आणि कित्येकांची कला एका रात्रीत भारतात दिसेनाशी झाली. कुठल्याही कोडमध्ये त्यावर इलाज नव्हता.

म्हणून मला एवढंच सांगायचं आहे. खिडकी जरूर लावा, पण मूळ फाइल स्वतःजवळ ठेवा. एक प्रत घरातल्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या कुणाच्या तरी घरी. गाणाऱ्याला विचारल्याशिवाय चढवू नका. आणि चौकोनाखाली चार ओळी लिहा: कोण बोलतंय, कधी, कुठे, काय म्हणतंय. आपल्या मोठ्यांचा आवाज ही आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे. ती जपण्याची जिम्मेदारी कुठल्या कंपनीने घेतलेली नाही, ती आपलीच आहे.