आई ट्रॉलीत, मी पायऱ्यांवर

या वीकएण्डला लोणावळा नको, मॉल तर नकोच नको. मग काय? फ्युनिक्युलर!

नावाला दचकू नका. डोंगराच्या उतारावर रूळ, रुळांवर डबा आणि डब्याला ओढणारी केबल, बस्स. हाँगकाँगची पीक ट्राम १८८८ पासून अशीच चढते आणि लोक वर जातात ते खालचं शहर बघायला. आपल्याकडे हा प्रकार २०१८ पासून वणीच्या सप्तशृंगी गडावर आहे. ‘देशातली पहिली’ असं तेव्हा सगळीकडे छापून आलं, पण तमिळनाडूत पळणीच्या देवळाकडे अशीच विंच १९६० च्या दशकापासून आहे. असो. मलंगगडाच्या ट्रॉलीचं काम किती वर्षं रखडलं ते आठवलं, तर वणीला फुल मार्क्स!

आम्ही राहतो महाळुंग्यात. बालेवाडीजवळचं नव्हे, चाकणचं. इथून खिडकीत दिसतात ते कंपन्यांचे शेड आणि कंटेनरची रांग. त्यामुळे ‘व्ह्यू’ या शब्दाचं मला जरा जास्तच आकर्षण. चाकणच्या चौकातून पहाटेची नाशिक गाडी, पुढे गडाची एसटी, एकूण साधारण अडीचशे किलोमीटर. आईला विचारलं, तर गुडघे दुखत असूनही ती एका पायावर तयार!

कारण मला वाटेत कळलं. तिचा नवस होता. दादा सहा वर्षं कंत्राटावर होता. ‘तो पर्मनंट झाला की गड पायी चढून येईन.’ झाला एकदाचा. आता त्याचीच फर्स्ट शिफ्ट, रजा नाही, म्हणून सोबतीला मी. म्हणजे मी निघाले होते ट्रॉलीसाठी आणि आई पायऱ्यांसाठी.

नांदुरीपासून एसटी घाट चढते आणि गडावरच्या गावात सोडते. देऊळ अजून वर, कड्याच्या पोटात. पाचेकशे पायऱ्या. ट्रॉली आहे ती याच शेवटच्या टप्प्याला. पहिल्या पायरीला हळदकुंकू वाहून आईने पदर खोचला. दहाव्या पायरीवर ती थांबली. कठड्याला धरलेला तिचा हात थरथरत होता.

“आई, ट्रॉलीने जाऊ.”

“बसून गेल्यावर नवस कसा फिटेल?”

मी वैतागून बोलून गेले, “मग तुझ्या पायऱ्या मी चढते!” तिने माझ्याकडे असं बघितलं, की शब्द मागे घ्यायची सोयच राहिली नाही. मग काय, तिला ट्रॉलीत बसवलं आणि मी निघाले. मी शंभरावी पायरी गाठायच्या आत ती वर पोचलीसुद्धा असणार. जिमची फी भरून न जाणाऱ्या मंडळींनी (मीही त्यातलीच) हा प्रयोग जरूर करावा. धाप म्हणजे काय ते नीट कळतं.

वर आई वाट बघत होती. अठरा हातांची, कातळात कोरलेली देवी. मान किंचित कललेली, समोरच्या डोंगरावरून मार्कंडेय ऋषी स्तुती म्हणत आणि ती ऐकत असे, अशी कथा आहे. वर्षानुवर्षं साचलेला शेंदूर २०२२ मध्ये उतरवला, तेव्हा मूळ रूप दिसलं. आई पूर्वी आली होती ती त्याआधी. “चेहरा वेगळाच वाटतोय गं,” म्हणत किती वेळ उभी होती.

उतरताना मात्र दोघी ट्रॉलीत. चैत्रात आणि नवरात्रात इथे तुफान गर्दी असते, तेवढे दिवस टाळलेत तर खिडकी मिळते. शहर दिसत नाही. दिसतो समोर मार्कंड्याचा डोंगर, खाली गावाची छपरं आणि पलीकडे एकामागे एक निळसर होत गेलेल्या रांगा. डबा सुटला तेव्हा मला नेमकं लिस्बन आठवलं. १८८५ पासूनची तिथली ग्लोरिया फ्युनिक्युलर, ३ सप्टेंबर २०२५ ला दोन डब्यांना जोडणारी केबल सुटली आणि १६ जण गेले. आईला काही बोलले नाही.

मध्यावर दुसरा डबा शेजारून वर गेला. आईने त्यातल्या माणसांना हात जोडले. मी तिला समजावलं, दोन्ही डबे एकाच केबलच्या दोन टोकांना असतात, उतरणाऱ्याचं वजन चढणाऱ्याला ओढतं, मोटरला थोडंच काम उरतं.

“म्हणजे आपण उतरतोय म्हणून ते चढतायत?”

“तसंच.”

ती बराच वेळ त्या डब्याकडे मान वळवून बघत राहिली.

खाली चहा पीत होतो तेव्हा जेवणाच्या सुट्टीत दादाचा फोन आला. स्पीकरवर होता.

“चढलीस का गं आई?”

आईने माझ्या लटपटत्या पायांकडे बघितलं. “चढलो,” ती म्हणाली.