दोघं, एक कुत्रा आणि म्हैसमाळची थंडी

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला, की आमच्या छत्रपती संभाजीनगरची हवा बदलते. (२०२३ साली शहराचं नाव बदललं, पण सासरमाहेरची माणसं अजून दोन्ही नावांनी पत्ता विचारतात.) दूधवाला कानाला मफलर गुंडाळून येतो, पेटीतली हिमरू शाल बाहेर निघते, आणि दुपारी चारलाच अंगणातलं ऊन हवंसं वाटायला लागतं. बाहेरगावचे पाहुणे याच दिवसांत येतात. वेरूळ, अजिंठा, बीबीचा मकबरा, पाणचक्की असं सगळं दोन दिवसांत उरकतात आणि जातात. पण मैत्रिणींनो, इथल्या थंडीची खरी मजा रात्रीची आहे, आणि तीही गावाबाहेर, माळावर, तंबूत.

तंबू म्हटल्यावर तुम्ही हसाल. कॉलेजातल्या मुलांचे उद्योग आपण कुठे करायचे, असंही म्हणाल. पण जरा आपल्या घरांकडे बघा. मुलं शिकायला नाहीतर नोकरीला पुण्या-मुंबईला गेलेली, घरात आपण दोघं आणि मुलांनीच हौसेनं आणून आपल्या गळ्यात टाकलेला कुत्रा. कुठे जायचा विषय निघाला, की एक वाक्य हमखास येतं, "कुत्र्याला कोण बघणार?" या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक घरात एकच असतं, आणि ते उत्तर बहुधा साडी नेसलेलं असतं! यजमान मित्रांबरोबर चार दिवस जाऊन येतात, आपण मोत्याला दूधभात घालत घरी. हॉटेलवाले तर कुत्रा म्हटलं की बहुतेक हातच जोडतात. तेव्हा कुत्र्याला बरोबर नेता आलं, तरच बाईला घराबाहेर पाऊल टाकता येतं, असा हा सरळ हिशेब आहे. आमच्याकडे तो तंबूनं सुटला.

आणि यात नवं तरी काय आहे? नवरा, बायको आणि कुत्रा असा संसार पाठीवर घेऊन आपले धनगर पिढ्यान्‌पिढ्या याच माळांवर हिंडत आले आहेत. राहुटी, पाल, डेरा, छोलदारी, कनात, शामियाना, एवढे शब्द ज्या भाषेत आहेत तिला तंबू परका नाही. मुघल बादशहांचा थाट तर विचारूच नका. त्यांच्या डेऱ्यांचे दोन संच असत. एकात मुक्काम, दुसरा आधीच पुढच्या मुक्कामी रवाना. अकबराच्या काळच्या 'आईन-इ-अकबरी'त एका मुक्कामाच्या सामानासाठी शंभर हत्ती, पाचशे उंट आणि चारशे गाड्या लागत असं लिहिलं आहे. औरंगजेब दक्षिणेत उतरला तोही असाच लवाजमा घेऊन, आणि १७०७ साली अहमदनगरजवळच्या छावणीतच वारला. १६८९ साली संताजी घोरपड्यांनी त्याच्या छावणीत शिरून तंबूचे तणावे कापले आणि सोन्याचे कळस नेले, ही गोष्ट आपण शाळेत असल्यापासून ऐकतो. तंबूची सगळी मदार तणाव्यांवर असते, एवढं त्यातून आपण घेऊ या. आपला तंबू तीन किलोचा आहे. हत्ती लागणार नाही.

आता मुद्द्याकडे येते. दुकानात गेलात, की 'दोन माणसांचा तंबू' म्हणून जो दाखवतात त्याच्या पाटीवर विश्वास ठेवू नका. ते दोन म्हणजे खांद्याला खांदा लावून, कूस न बदलता झोपणारे दोन. खरेदीआधी घरच्या फरशीवर रांगोळीनं चौकोन आखा. दोन माणसांचा तंबू सुमारे सात फूट लांब आणि साडेचार फूट रुंद असतो, तीन माणसांचा सात फूट बाय सहा फूट, म्हणजे साधारण आपल्या डबलबेडएवढा. त्या चौकोनात दोघांनी आडवं व्हा आणि कुत्र्याला बोलवा. तो येतोच, आणि नेमका मध्ये येतो. पामेरियनसारखा छोटा जीव असेल तर लहान चौकोनात पायाशी मावेल. आमच्या गावठी मोत्यासारखा अठरा किलोंचा गडी असेल तर तीन माणसांचाच तंबू घ्या. लाब्राडोर असेल तर त्याला पुरा एक माणूस धरा, तोही घोरणारा.

वजनाच्या बाबतीत मात्र हट्ट धरा. तीन माणसांचा बरा तंबू तीन ते चार किलोंपर्यंत मिळतो. म्हणजे भाजीच्या पिशवीएवढं ओझं. याहून हलके, दोन किलोंच्या आतबाहेरचेही असतात, पण त्यांची किंमत साध्या तंबूच्या कितीतरी पट. आपण काही हिमालय चढायला निघालेल्या नाही. गाडी जाते तिथून अर्धा-पाऊण तास चालायचं, तेवढ्यासाठी इतके पैसे घालवू नयेत असं माझं मत. पण चार किलोंच्या वर जाऊ नका. तंबू आपल्याला एकटीला उचलता आणि उभा करता आला पाहिजे. नाहीतर 'ह्यांना' वेळ नाही म्हणून तो माळ्यावर पडून राहील, आणि तुम्ही पुन्हा मोत्याबरोबर घरी. काठ्या ॲल्युमिनियमच्या असतील तर पाहा. काचतंतूच्या स्वस्त असतात, पण जड, आणि चिरल्या की त्यांची कुसळं हातात जातात.

दुकानदार 'थंडीचा तंबू' म्हणून बर्फातला जाडजूड तंबू काढून दाखवील. तो घेऊ नका. आपल्या जिल्ह्याची थंडी वेगळी आहे. शहरात डिसेंबर-जानेवारीत पारा दहा-बारा अंशांवर येतो, एखाद्या लाटेत त्याच्याही खाली. म्हैसमाळ शहरापेक्षा सुमारे पाचशे मीटर उंच, तिथं आणखी तीनेक अंश कमी धरा. बर्फाचं ओझं नाही, हिमवादळ नाही. इथले शत्रू तीन, दंव, वारा आणि खालून चढणारा गारठा. त्यांच्यासाठी तंबू निवडायचा.

दंवाचं आधी सांगते, कारण त्यानंच जास्त माणसं फसतात. तीन जीव रात्रभर श्वास सोडतात (कुत्राही सोडतो, आणि तोंड उघडं टाकून सोडतो), ती वाफ गार कापडाला लागून पाणी होते. एकपदरी तंबूत पहाटे हे पाणी थेंबथेंब अंगावर पडतं, आणि माणसं म्हणतात तंबू गळका निघाला! म्हणून तंबू दुपदरी हवा, आत एक आणि वर टोपडं, दोन्हींच्या मध्ये चार बोटं हवा. वर झरोका हवा आणि तो थंडीतही उघडा ठेवायचा. पण आतला पदर सगळाच जाळीचा असेल तर गार वारा थेट मानेवर येतो. खालचा अर्धा भाग कापडाचा आणि वर जाळी, असा बघा. टोपड्याचं कापड नायलॉनचं असेल तर दंवानं ओलं होऊन सैल पडतं, झोपण्याआधी तणावे पुन्हा एकदा ओढून घ्यावे लागतात. पॉलिएस्टर कमी सैलावतं. मराठवाड्यात अवकाळी पावसाचा नेम नाही, तेव्हा पाण्याला टिकण्याचा आकडाही विचारा; टोपड्याला पंधराशे-दोन हजार मिलिमीटर आणि तळाला तीन हजार असला म्हणजे झालं.

दारापुढे टोपड्याची छोटी ओसरी असलेला तंबू मिळाला तर सोडू नका. चपला, पाण्याचा डबा, मोत्याचे चिखलाचे पाय पुसायचं फडकं, सगळं तिथं राहतं. बाईमाणसाला ओसरीशिवाय घर घरासारखं वाटत नाही, हेही आहेच.

आमची जमीन म्हणजे वर वीतभर मुरूम आणि खाली काळा पत्थर. तंबूबरोबर येणाऱ्या नाजूक मेखा इथं केळीच्या सालीसारख्या वाकतात. म्हणून काठ्यांच्या जोरावर आपला आपण उभा राहणारा घुमटी तंबू घ्या, आणि लोहाराकडून वीतभर लांबीचे आठ-दहा जाड खिळे करून आणा. तेही नाही गेले तर तणावे मोठ्या दगडांना बांधा; दगडांना आपल्याकडे तोटा नाही. पहिली तालीम घरच्या गच्चीवर करा. तिथं खिळे कुठले, पाण्यानं भरलेल्या बादल्यांना तणावे बांधायचे. दुपारभर कुत्र्याला आतबाहेर करू द्या, म्हणजे त्यालाही ते घर आपलं वाटेल. त्याच्या नखांनी तळ फाटू नये म्हणून आत जुनी सतरंजी अंथरायची, नखं आधी कापून घ्यायची.

आणि खालच्या गारठ्यासाठी आपली घोंगडी! दुकानातली फोमची पातळ चटई खाली, तिच्यावर घोंगडी, मग गोधडी. पांघरुणं कितीही घेतली तरी अंगाखाली काही नसेल तर जमीन ऊब शोषून घेते. मोत्याला स्वतःचं पोतं द्या, नाहीतर पहाटे तीनला तो तुमच्या गोधडीत असेल.

कुठे जायचं? म्हैसमाळ सगळ्यांत सोयीचं. शहरापासून चाळीसेक किलोमीटर. दौलताबादच्या किल्ल्याखालून, खुलताबादवरून रस्ता जातो, आणि शेवटच्या चढावर हवा एकदम पातळ, गार लागते. वर गिरिजादेवीचं देऊळ आहे. संध्याकाळी कड्यावर उभं राहिलं, की खाली गावांचे दिवे एकेक लागताना दिसतात. ते बघत चहाचा कप हातात धरायचा, यासारखं सुख नाही. खुलताबादेजवळच सुलीभंजनचा डोंगर आहे, जनार्दनस्वामींच्या आज्ञेनं एकनाथांनी जिथं तप केलं असं सांगतात तो. तिथली पहाटही बघण्यासारखी.

तंबू मात्र कड्यावर लावू नका आणि खोलगट जागीही नको. कड्यावर वारा झोडपतो, खोलगटात रात्री जड गार हवा येऊन साचते. मधली, झुडपांच्या आडोशाची जागा बघा, दाराची पाठ वाऱ्याकडे करा. वाटेल तिथं खिळे ठोकायचे नाहीत. शेत असेल तर मालकाला विचारा, आणि त्याच्या घरच्या बाईशी चार शब्द बोला. तिच्या घराच्या हाकेच्या अंतरावर तंबू असला, की रात्री झोप लागते, आणि सकाळी ताजं दूधही मिळतं.

वेरूळ वाटेवरच आहे, पण लेण्यांत कुत्रा नेता येत नाही. एकानं बाहेर थांबायचं, दुसऱ्यानं बघून यायचं. पहिली पाळी तुमची, हे निघतानाच ठरवून घ्या! मंगळवारी लेणी बंद असतात.

गौताळ्याचं नाव मी मुद्दाम घेतलं नाही. कन्नडकडचं ते जंगल फार देखणं, पण १९८६ सालापासून ते अभयारण्य आहे आणि तिथं बिबट्या आहे. २०२१ साली तर टिपेश्वरकडून शेकडो किलोमीटर चालत आलेला एक वाघही तिथं दिसला. कुत्र्याला घेऊन तिकडे रात्र काढायचा विचारही नको. आणि बिबट्या फक्त जंगलातच असतो असंही समजू नका. २०१९च्या डिसेंबरात तो आमच्या शहरात, सिडकोच्या एन-१ वस्तीत शिरला होता. वनखात्यानं त्याला पकडलं. बिबट्याला कुत्रा हे सोपं भक्ष्य. धनगरांचे पाच-सहा कुत्रे वाड्याभोवती राखण करतात, ते एकमेकांच्या जिवावर. आपला एकटा मोत्या बाहेर खुंट्याला बांधला, की त्याला पळताही येत नाही.

म्हणूनच तो चौकोन रांगोळीनं आखायला सांगितला. कुत्रा 'राखणीला बाहेर राहील' या हिशेबानं लहान तंबू घेऊ नका. अंधार पडला की त्याला साखळीसकट आत घ्या, दाराची चेन पूर्ण ओढा, उरलंसुरलं अन्न आणि हाडं तंबूजवळ ठेवू नका. रात्री त्याला बाहेर जायचं असेल तर दोघांनी मिळून, हातात मोठी बॅटरी घेऊन न्यायचं. तो गुरगुरला तर दार उघडून बघायला जाऊ नका. आतूनच मोठ्यानं बोला.

आणखी एक, थंडी वाजते म्हणून निखाऱ्याची शेगडी तंबूत आणायची नाही. अगदी विझत आलेलीसुद्धा नाही. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेल्या माणसाला कळतही नाही. गरम पाण्याची रबरी पिशवी पायाशी घ्या, नाहीतर मोत्या आहेच.

परतल्यावर कितीही दमला असलात तरी तंबू त्याच दिवशी गच्चीवर, सावलीत, उलटा करून वाळत घाला. दंवानं ओला तसाच गुंडाळला तर आठ दिवसांत बुरशीचे काळे डाग पडतात आणि कुबट वास जात नाही. कुत्र्याचे केस कोरड्या ब्रशनं झाडून काढा, साबण लावू नका. त्याच्या कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड आहे का तेही त्याच वेळी बघा. वाळल्या गवतातून हमखास येतात. मग तंबू त्याच्या मूळच्या चिंचोळ्या पिशवीत कोंबण्याऐवजी जुन्या उशीच्या अभ्र्यात सैल भरून ठेवा. खिळे वेगळ्या फडक्यात, मोजून. आठ नेले असतील तर आठच परत आले पाहिजेत. एखादा माळावर राहिला, तर उद्या कुणाच्या तरी गाईच्या खुरात जायचा.