चार अक्षरं

मी पेपरात आहे, पण माझं नाव कधी छापून येत नाही. आई शेजारच्या काकूंना सांगते, "पोरगी पेपरात लिहिते." खरं तर मी दुसऱ्यांनी लिहिलेलं नीट करते. मी उपसंपादक आहे.

तालुक्याच्या वार्ताहराची लांबलचक बातमी दीडशे शब्दांत बसवायची, नावं-आकडे तपासायचे, मथळा द्यायचा आणि डाक आवृत्तीसाठी वेळेत पान सोडायचं, हे माझं रात्रीचं काम.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी दुचाकीचोरीच्या एका बातमीला मी मथळा दिला, 'संशयित चोरट्यास अटक'. तो सिंगल कॉलमात एका ओळीत बसेना. पान सोडायला सात मिनिटं उरली होती. मी 'संशयित' काढला. चार अक्षरं गेली, मथळा बसला.

तीन दिवसांनी त्या मुलाची आई ऑफिसात आली. गाडी दुसऱ्याच कोणाकडे सापडली होती, पोलिसांनी मुलाला सोडून दिलं होतं. त्या भांडल्या नाहीत. घडी घातलेलं कात्रण टेबलावर ठेवलं.

"आत संशयितच लिहिलंय," मी पुटपुटले.

"लोक मोठ्या अक्षरातलंच वाचतात हो ताई. त्याच्या शेठनेही तेवढंच वाचलं."

मुलाचं काम गेलं होतं. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळींचा 'खुलासा' आला. तो मीच लिहिला.

कॉलेजात शिकलेलं तेव्हा आठवलं. 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर. १८८२ मध्ये कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात ते आणि टिळक १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते. खरी मानून छापलेली पत्रं बनावट निघाली होती. परीक्षेत मी फक्त साल आणि दिवस लिहून आले होते. दुसऱ्याचं लिखाण छापलं की त्याचा जाब आपल्याला द्यावा लागतो, हे त्या कात्रणाने शिकवलं.

राजीनामा लिहिला होता, दिला नाही. माझ्या जागी येणाऱ्यालाही सातच मिनिटं मिळणार होती.

आता नवी मुलं विचारतात, संपादक व्हायला काय यावं लागतं? शुद्धलेखन, वाचन, सॉफ्टवेअर हे सगळं लागतंच. मग मी ते कात्रण दाखवते आणि विचारते, यातला कुठला शब्द काढाल?

'संशयितास अटक'. चोरटा काढायचा होता. एकच अक्षर वाढलं असतं.