फुगतालचे पाणी

प्रवासाची मला मुळात हौस नाही. दोन वह्या, एक उशी आणि वेळेवर चहा एवढे मिळाले की माझी सुटी सार्थकी लागते. पण आमच्या चिरंजीवीने, म्हणजे कॉलेजात जाणाऱ्या कन्येने, ‘बाबा, यंदा तुम्हांला हलवायचेच’ असा पण केला आणि तिच्या आईने तिला साथ दिली. बहुमतापुढे माझे काय चालणार? मनालीहून दारचा, दारच्याहून शिंकू ला ही सुमारे ५,००० मीटर उंचीची खिंड, आणि पलीकडे झांस्करचे ओसाड, भगव्या-जांभळ्या डोंगरांचे खोरे, असे आम्ही पुरने गावी येऊन पोहोचलो.

पुरन्याला दोन नद्यांचा संगम आहे. त्यांतल्या त्सारापच्या काठाकाठाने दोन-तीन तास चालले की फुगतालची गुंफा येते. वाट एका माणसापुरती. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला खाली घोंघावणारी नदी. या नदीवर ३१ डिसेंबर २०१४ रोजी दरड कोसळून मोठा तलाव साचला होता. मे २०१५ मध्ये तो फुटला आणि खालचे पूल वाहून गेले. ही हकीकत मला पुलाच्या मध्यावर आठवली. ती तिथेच आठवायला नको होती.

एका वळणावर मायलेकी थबकल्या. धापा टाकीत मी गाठले आणि वर पाहिले. उभ्या कड्यात भलीमोठी गुहा, तिच्या तोंडाशी माती, दगड आणि लाकडाच्या पांढऱ्या खोल्या एकीवर एक चिकटलेल्या; जणू मधमाश्यांचे पोळेच. गुहेच्या माथ्यावर एकच झाड. पंधराव्या शतकापासून इथे गेलुग पंथाचा मठ आहे.

मला मात्र ओढ होती ती एका दगडी पाटीची. पाटी आहे चोमा द कोरोश या हंगेरियन पंडिताच्या नावाची. आपल्या लोकांचे मूळ आशियात शोधायचे म्हणून हा गृहस्थ १८१९ मध्ये घरून निघाला, बराचसा पायी चालत लडाखात आला आणि तिबेटी भाषेत अडकला तो कायमचा. १८२५-२६ मध्ये तो या मठात राहिला. त्याआधी झांगला गावी त्याने एक हिवाळा काढला. नऊ फुटांच्या खोलीत तो, त्याचे गुरू लामा आणि एक नोकर. शेकोटी नाही, दिवा नाही, मेंढीच्या कातड्यात गुरफटून दिवसभर वाचन. त्याचा तिबेटी-इंग्रजी कोश १८३४ मध्ये कलकत्त्याला छापला गेला. आपल्या मोल्सवर्थसाहेबाचा मराठी-इंग्रजी कोश मुंबईत निघाला तो १८३१ मध्ये. एकाच सुमारास दोन परके लोक, एक बर्फात आणि एक आपल्या उन्हात, आपले नसलेले शब्द वेचीत बसले होते.

पाटीपुढे उभा राहिलो आणि पाय जड झाले. हा दोष विरळ हवेचा नव्हता.

माझे वडील कोकणात प्राथमिक शिक्षक होते. भातशेतीचे, पावसाचे, पाण्याचे शब्द त्यांनी तीस वर्षे टिपले. राब, उडवी, इरले, पऱ्या, व्हाळ, कोंड. सात वह्या झाल्या. मी एम.ए. झालो तेव्हा त्या माझ्या हाती देऊन म्हणाले, “आता हे तुझे काम. नीट लावून दे.” मी म्हणालो, “या दिवाळीत बसतो, अण्णा.” मग पेपर तपासणे आले, बदली आली, बिऱ्हाड आले. दर दिवाळीला ते फराळाचे ताट पुढे सरकवीत विचारीत, “वह्या काढल्यास का रे?” शेवटच्या दोन दिवाळ्यांना त्यांनी विचारले नाही. ते न विचारणे मला आजही ऐकू येते. ते गेले त्याला नऊ वर्षे झाली. वह्या माळ्यावर आहेत. मला थंडीही वाजत नव्हती आणि दिवाही होता.

गुहेत एक झरा आहे. जवळच बसलेल्या एका वृद्ध भिक्षूने आम्हांला आत बोलावून चहा दिला. लोणी आणि मीठ घातलेला. मोडक्या हिंदीत विचारपूस झाली. मी भाषा शिकवतो हे ऐकून त्यांची कळी खुलली. पेला दाखवून म्हणाले, “तुमच्याकडे?”

“चहा.”

“आमच्याकडे चा.”

आमची आजी ‘च्या’ म्हणत असे. मला हसू फुटले. मग त्यांनी झऱ्याकडे बोट केले. “छू.” मी खिसे चाचपले, बसचे तिकीट सापडले, मुलीकडून पेन घेतले आणि लिहिले : छू – पाणी. कित्येक वर्षांत एखाद्याच्या तोंडून ऐकून मी टिपलेला तो पहिला शब्द. मुलगी काही बोलली नाही. तिने तिकीट जपून माझ्या वहीत ठेवले.

घरी परतल्यावर माळा उघडला. एका वहीला कसर लागली होती. वीसेक पाने गेलीच. ती आता कोणी भरून देणार नाही. उरलेल्यांत एका ठिकाणी अण्णांनी शिसपेनने लिहिले होते, ‘दाढ आणि तरवा यांत भेद काय?’ पुढे प्रश्नचिन्ह. सांगणारे किती उरले? मी गावी आत्याला फोन लावला. ती ऐंशीच्या पुढची आहे.

“अरे, दाढ म्हणजे पेरायची जागा, तरवा म्हणजे त्यातली रोपे,” ती म्हणाली. “तुझ्या बापाने विचारले असते तर तेव्हाच सांगितले असते. शाळामास्तर ना! बहिणीला कसा विचारणार?” आणि हसता हसता ती गप्प झाली. मग म्हणाली, “आणखी काय अडलेय? विचार लवकर.”

आता दर रविवारी सकाळी मी तिला फोन करतो. तिसरी वही चालू आहे.