ऑइल बघण्याआधी थांब

पुसद

प्रिय छकुली,

तू वाशिमच्या रस्त्याने एकटी गाडी चालवत येणार, हे तुझ्या आईकडून कळलं. फार आनंद झाला, आणि लगेच तुझ्या गाडीचं ऑइल आठवलं. वाटेत खंडाळा घाट आहे, नंतर माहूरगडही तुला करायचाय.

निघताना पेट्रोल पंपावर ‘ऑइल बघा हो’ म्हणू नकोस. तिथल्या पोरांचा दोष नाही; मागे रांग असते आणि गाडी नुकतीच बंद केलेली असते. इंजिन चालू असताना ऑइल वरच्या भागांत फिरत असतं. ते झिरपून खाली चेंबरमध्ये उतरायला पाच-दहा मिनिटं लागतात. त्याआधी ऑइल मोजायची काडी ओढली की लेव्हल कमी दिसते, आणि अर्धा लिटर ओतलं जातं. बऱ्याच गाड्यांत काडीवरच्या दोन खुणांमध्ये लिटरभराच्या आसपासच फरक असतो. म्हणजे चांगली असलेली लेव्हल वरच्या खुणेच्या पार जाऊ शकते.

‘थोडं जास्त असलेलं बरं’ असं भलेभले म्हणतात. मला ते अजिबात मान्य नाही. वर आलेलं ऑइल फिरता क्रँक घुसळून काढतो, त्याचा फेस होतो, पंप ऑइलबरोबर हवाही ओढतो आणि बेअरिंगना हवा तसा थर मिळत नाही. सीलमधून गळती लागू शकते, ती वेगळीच.

कमी ऑइलचं भय घाटात जास्त. वळणावर ऑइल एका बाजूला सरकतं, पंपाची जाळी क्षणभर उघडी पडते आणि लाल दिवा लुकलुकतो. तो दिवा दाबाचा आहे, लेव्हलचा नाही. कमी ऑइलमुळे तो लागला, तर बराच उशीर झालेला असतो. लागलाच तर ‘पुसद आलंच आता’ म्हणून रेटू नकोस. कडेला घे, इंजिन बंद कर, मला फोन कर.

तेव्हा हे काम घरीच उरक. ऑइल गार इंजिनात बघायचं की गरम करून बंद केल्यावर, हे कंपनीगणिक बदलतं, मॅन्युअलमध्ये पाहा. गाडी सपाट जागी हवी. तुमच्या फाटकापुढच्या उतारावर काडी खोटं सांगेल. काडी काढून स्वच्छ फडक्याने पूस, बुडापर्यंत बसव, मग पुन्हा काढ. ही दुसरी खूणच खरी. दोन्ही बाजू बघ, आणि त्यांत फरक असेल तर खालची धर.

रंग काळपट असेल तर घाबरू नकोस, काजळी धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. दुधाच्या चहासारखं दिसलं, तर मात्र आत पाणी मिसळलं असण्याची शक्यता मोठी. गाडी सुरूच करू नकोस, मिस्त्रीला बोलाव.

घालावंच लागलं तर मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं, पाव-पाव लिटर, मध्ये थांबून. विदर्भात ऊन फार म्हणून जाड ऑइल घाल, असा सल्ला कुणीतरी देईलच. ऐकू नकोस. ५डब्ल्यू-३० मधला ३० हा आकडा १०० अंशांवरच्या घट्टपणाचा आहे. आपला उन्हाळा ४४-४५ अंशांचा.

किती घातलंस ते किलोमीटरच्या आकड्यासह लिहून ठेव. इथे आलीस की आपण दोघं पुन्हा बघू. लेव्हल उतरलेली दिसली, तर आधी मिस्त्रीकडे आणि मग माहूरला.

तुझा,
मामा